रंग ओला हाये, दार उघडू नका

बाई, तुझा श्वास थांबून घटकाही झाली नव्हती आणि लोकांनी आपली कोठी उघडली. सतरंज्या पाहिजेत म्हणून कोणीतरी कडी काढली. मी बोरिंगपाशी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिथूनच ओरडली, "रंग ओला हाये, दार उघडू नका!" सवयीनं निघालं तोंडातून. जमलेल्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझंच डोकं फिरलं. सासूबाई म्हणाल्या, "मोठीचा जीव गेला अन् हिले रंगाचं पडलं." तेव्हापासून या घरात मी ती रंगाचं पडलेली लहानी सून आहे. तू असती तर पदर तोंडात कोंबून हसली असती.

लोक येऊन बसत, आणि म्हणत, शकुनबाई भाग्याची, नवऱ्याच्या आधी गेली, कुंकू घेऊन गेली. मला एकेकीला धरून हलवावंसं वाटे. कसलं डोंबलाचं भाग्य? सकाळी उठून जिनं रंग कालवले, गिलासांवर प्लास्टिक बांधलं, "दुपारी ओतू" म्हणाली आणि हात धुवायला बाहेर आली, ती बोरिंगपाशी खाली बसली आणि उठलीच नाही. यात भाग्य कुठं आलं ते मला अजून कोणी सांगितलं नाही.

तुला आंघोळ घालताना तुझ्या नखांत केशरी तसाच होता. पळसाच्या फुलासारखा व्हायला पाहिजे म्हणून तू किती वेळ लालात पिवळा थेंब थेंब सोडत बसली होती, तो. एक बाई दगडानं नखं घासायला लागली. मी तिचा हात धरला. "राहू द्या, तो निघत नाही." निघतो. कोमट पाण्यात बोटं ठेवली की सालपटासारखा निघतो, तुला माहीत, मला माहीत. पण मला तो काढू द्यायचा नव्हता. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या आणि केशरी नखं, अशी गेली तू. कोणी विचारलं नाही.

खरं म्हणजे हे खूळ तुझंच. पिशवीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं वजन उचलायला मना केलं, आणि जन्मात पहिल्यांदा तू खाटेवर पडून राहिली. पडल्या पडल्या मोबाइल. एक दिवस मी भांडे घासून राहिली होती तर हाक आली, "वंदे! इकडं ये, हे पाय." मोबाइलात एक परदेशी बाई रंगांनी भरलेला गिलास पांढऱ्या पाटीवर उपडा ठेवत होती. गिलास उचलला की रंग एकमेकांत शिरत, पसरत, काठावरून खाली ठिबकत. ब्रश नाही, पेन्सिल नाही. मी म्हणाली, "हे तं सांडणं झालं. आपल्या घरी कोनी असं सांडवलं तं सासूबाई घराबाहेर काढतीन."

तू म्हणाली, "म्हणून तं पायजे मले. जिंदगीभर दुसऱ्यानं सांडलेलं पुसलं मी. एकदा तरी सांडवू दे यार."

तू कामठ्याची. गोंदियाजवळची म्हणून बोलण्यात 'यार' आणि 'मतलब' असायचं, आणि आम्ही चिचगडचे लोक तुला शहरी समजायचो. पुण्याच्या मिनूला तू फोन केला. पोरीनं आईसाठी रंगांचा आणि पाट्यांचा डबा धाडला, तो देवरीपर्यंत आला आणि तिथून बसनं आपल्या घरी. घरी विचारलं तर आपण सांगितलं, मिनूनं शिवणकामाचं सामान पाठवलं.

बसायचं कुठं हा प्रश्न होता. ओसरीवर सासूबाईंची खाट. आतल्या खोल्यांतून येणंजाणं. उरली मागची कोठी. पूर्वी तिथं धान भरून राहायचं, आता मळणी झाली की धान अंगणातूनच ट्रॅक्टरवर चढतं, म्हणून कोठीत फाटकी पोती आणि उंदीर. आपण ती शेणानं सारवली, खताच्या पिशव्या कापून खाली अंथरल्या. पाटी सपाट पाहिजे, नाही तर रंग एकीकडे वाहून जातो. तू काय केलं, थाळीत पाणी घेतलं आणि पाटीवर ठेवलं. पाणी ज्या बाजूला काठाला चढलं त्या बाजूनं पाटी वर केली, औषधाच्या बाटल्यांची झाकणं खाली सरकवून. "रोवण्याच्या आधी धानाची बांधी सारखी करतो तसंच हाये," म्हणाली. तुला वाटलं, झालं, शिकलो आपण.

आणि मग आपण ती पेजेची भानगड केली. आठवते? रंग पातळ करायला मोबाइलवाली बाई एक पांढरं पाणी घालते, ते मिनूच्या डब्यात थोडंसंच होतं. ते संपल्यावर तू म्हणाली, हे तर भाताच्या पेजेसारखंच दिसते. आपल्या घरी पेजेला काय तोटा! रोज गंजभर निघते. तिखट-मीठ न घातलेली पेज गाळून घेतली, रंगात कालवली, आणि काय सुरेख वाहिला तो रंग, सायीसारखा. दोघी टाळ्या वाजवून राहिलो. आपल्याला वाटलं, त्या परदेशी बाईला पत्ताच नाही. थोड्या दिवसांनी पाटीला भेगा पडल्या, झुरळांनी एक कोपरा खाल्ला, आणि पावसाळी हवेत बाकीच्यावर हिरवी-काळी बुरशी आली, गोल गोल, कडेला पांढरी झालर असलेली. मी फेकायला निघाली. तू हातातून ओढून घेतली. "पाय नं वंदे, आपल्या रंगापेक्षा तं हेच बढिया झालं!" ती पाटी तू भिंतीला लावून ठेवली. तेरवीनंतर मिनू पुण्याला परत जाताना तिनं सगळ्या पाट्या उलट्यापालट्या केल्या आणि नेमकी तीच उचलली. मी तिला बुरशीचं सांगितलं नाही. ट्रेनमध्ये वास आला असेल तर आला असेल.

पण मला लिहायचं आहे ते दाराबद्दल.

त्या वर्षी धान काढायच्या दिवसांत अंगणात थ्रेशर चालू होतं. भुशाचा नुसता धुरळा. आपण कोठीत नुकतीच एक पाटी ओतून ठेवली होती, निळ्यावर पांढरा, काय देखणी झाली होती. तेवढ्यात भासरे, म्हणजे तुझा नवरा, फावडं शोधायला आले आणि दाराच्या दोन्ही फळ्या धाडकन उघडून उभे राहिले. त्यांच्यासोबत अर्धं खळं आत आलं. पाटीवर कोंडाच कोंडा. तू बाहेर येऊन चार मजुरांसमोर, सासूबाईंसमोर त्यांना जे झाडलं! "रंग ओला असला की हे दार उघडायचं नाही! कोनीच नाही! यमराज आला तरी नाही!" भासरे फावडं न घेताच गेले. आणि त्या दिवसापासून घराला नियम लागला.

नियम लागला तेव्हा तुला काय सुचलं ते तूच जाणो. पाटी दुसऱ्या दिवशी सुकली होती. तू बोट लावून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाहेर जाऊन सांगितलं, "नाही सुकला अजून. चार दिवस लागतीन." मी आत उभी राहून ऐकून राहिली. तू आत आली, कडी लावली, खताच्या पिशवीवर पाय पसरले आणि डोळे मिटले. दिवसाढवळ्या! मला घामच फुटला. मी म्हणाली, "बाई, कोनी आवाज देईन." तू डोळे न उघडता म्हणाली, "देऊ दे. रंग ओला हाये."

कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण या घरात कडी लावून बसता येईल अशी बाईला जागा नव्हती. झोपायच्या खोलीचं दार दिवसा लावलं तर पाच मिनिटांत सासूबाई विचारायच्या, "बरं नाही का?" न्हाणीला पत्रा, तो खालून वितभर उघडा. रडायचं तर गोठ्यात, आणि गाय तोंड वळवून पाहते. लग्न होऊन आली तेव्हापासून मी कोणाच्या नं कोणाच्या नजरेत होती. अशात आपल्याला एक दार मिळालं, आणि ते पण आपण रंगाच्या नावावर ढापलं. कधीकधी तर पाटी ओतायचोच नाही. रिकाम्या कोठीत, कडी लावून, सुकलेल्या रंगाच्या राखणीला दोघी पडून राहायचो. झोपायचो, घोरायचो. तू घोरायची, मी नाही. सासूबाईंच्या चालण्याची नक्कल करायचो. खाली सांडलेला रंग सुकला की त्याची साय निघायची, ती सोलत बसायचो, आणि सोलता सोलता काय काय बोलायचो ते इथं लिहीत नाही, कारण हे कोणी वाचलं तर मला खरंच घराबाहेर काढतील.

भांडायचोही. ओतल्यावर पाटी हलवायची की नाही, हे आपलं रोजचं भांडण. मला ती उचलून इकडं तिकडं वाकवायची असे, रंग कोपऱ्यापर्यंत न्यायचे असत. तू म्हणे, ओतला नं? आता सोडून दे, जाईल तिथं जाईल. मी म्हणायची, मग कोपरे कोरे राहतात. तू म्हणे, राहू दे कोरे, तुझ्या बापाचं काय जाते. एकदा मी ऐकलं नाही आणि पाटी एवढी वाकवली की सगळा रंग माझ्या लुगड्यावर. तू तोंड फिरवून बसली, पाठ हलताना मला दिसत होती. यावर कोण बरोबर ते ठरलंच नाही.

पण दुसरं भांडण खरं होतं, आणि त्यात तू चिडायची. ते भासऱ्यांवरून.

आपल्याकडं सून भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, त्यांच्या खाटेवर बसायचं नाही, हातातून हातात वस्तू द्यायची नाही, आणि तेही आत येण्याआधी खाकरतात. यात नवं काय, सगळ्यांच्याच घरी आहे. पण आपलं घर असं की ते आणि मी दोघंच घरी असलो तर भासरे वासराला सांगत, "मी वावरात चाललो, जेवाले येत नाही." आणि मी चूल फुंकता फुंकता फुंकणी ठोकायची, म्हणजे ऐकलं. बाकी सगळं तुझ्यातून. "वंदे, ते इचारून राहिले मीठ कमी काऊन." "बाई, त्यांना सांग, मीठ तुझ्या हातचं आहे." तू कपाळावर हात मारून घ्यायची.

"टेलिफोनच्या दोन तारा तुमी, अन् मधात मी खांब," म्हणायची तू. "अवो, माणूसच हाये तो. चावत नाही. बोल नं त्याच्याशी."

"कायले बोलू? ते बोलतात का?"

"त्याले कोनी शिकवलं नाही. तू तं बारावी पास हायेस."

"बारावीत भासऱ्याशी बोलायचा धडा नव्हता."

मग तू चिडायची. खरंच चिडायची. म्हणायची, "थकली मी, वंदे. त्याचं तुले सांगा, तुझं त्याले सांगा, सासूचं दोघांले सांगा. एखाद्या दिवशी मी नसन तं तुमी दोघं उपाशी मरान, पण 'वाढ' अन् 'वाढते' म्हणणार नाही." मी म्हणायची, बरं, बोलीन. उद्या बोलीन. तू म्हणायची, हो, रंग सुकल्यावर.

बाई, आम्ही उपाशी मेलो नाही. एवढंच सांगते. बाकी जे झालं ते तुझ्या बोलण्याहून वाईट झालं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मिनू गेली. घर पुसून-सारवून मी तुझी कामं माझ्यात घातली. तुझी सकाळची, माझी दुपारची, आता सगळी माझीच. सासूबाई मला 'लहानी' म्हणायचं सोडून 'सूनबाई' म्हणायला लागल्या, म्हणजे बढती. पाठ टेकायला जागा नाही, पण मनात एक होतं. कोठीत तू कालवलेले रंग होते. गिलासांवर प्लास्टिक, वर रबर. महिनाभर टिकले तर टिकतात, मग वर साय धरते, मग खालपर्यंत घट्ट होतात आणि फेकावे लागतात. मला ते ओतायचे होते. दार लावून. तुझ्या हातचं आता या जगात दुसरं काय उरलं होतं? तुझं लोणचं होतं, ते पाहुण्यांनी संपवलं.

आणि एका दुपारी भासऱ्यांनी स्वतःची खाट उचलली आणि कोठीत नेऊन टाकली. आत गेले आणि कडी लावली.

मी अंगणात धान पाखडून राहिली होती. सूप हातात तसंच राहिलं. मला वाटलं, थोडा वेळ पडतील आणि येतील. आले ते चहाला. चहा पिऊन परत आत. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. वावरातून येत, जेवत, कोठीत जाऊन कडी लावून घेत. घरातली एकुलती एक कडी, आणि ती आपण भांडून मिळवलेली!

मला राग आला म्हणून सांगू? आणि तो कोणावर काढावा? बायको मेलेल्या माणसावर? मी नवऱ्याला म्हणाली, "दादाले म्हणा नं, समोरच्या खोलीत झोपा म्हणून." तो म्हणाला, "काऊन? तुझं का अडून राहिलं? दुःखात हाये माणूस, राहू दे." सासूबाईंना म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "अजून रंगच सुचून राहिला का तुले?" मी वासराला पण सांगून पाहिलं, मोठ्यानं, भासऱ्यांना ऐकू जाईल असं, "कोठीतले रंग घट्ट होऊन राहिले." वासरानं माझा पदर चघळला.

ज्याला सांगायचं त्याला सांगणारी एकच होती आणि ती तू. मी दिवसातून कितीदा तरी तोंड उघडलं, "बाई, त्यांना सांग..." आणि मिटलं. तुझ्यावर चिडली मी. खांब पडला तर तारांनी काय करायचं, हे आधी सांगून जायचं होतं. कोठीवरून येताजाता मी दाराच्या फटीतून वास घ्यायची, रंग खराब झाले तर आंबूस वास येतो म्हणून. लोकांना वाटत असेल, सून भासऱ्याच्या दाराशी काय करते. गळ्यापर्यंत आलं होतं माझ्या. भरल्या घरात मी एवढी कोंडली गेली, की एकदा मोहफुलं वाळत घातली होती त्यावरच जाऊन आडवी झाली उन्हात, आणि सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं, "बरं नाही का?"

त्या दिवशी सासूबाई शेजारी भजनाला गेल्या होत्या. माझा नवरा देवरीला. घरात मी आणि ते. मी हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि कोठीच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. आणि बाई, मला हाकच मारता येईना! त्यांना काय म्हणायचं? इतकी वर्षं एका घरात, एका चुलीचं खाल्लं, आणि मला त्यांना हाक मारायला शब्द नाही. कधी लागलाच नव्हता. भाऊजी? दादा? दोन्ही जिभेवर आणून पाहिले, दोन्ही लटपटले. शेवटी मी हाकेशिवायच बोलली.

"बाईनं रंग कालवून ठेवले हायेत आत."

मी दारावर बोटानं ठोकलं.

"तुमाले म्हणून राहिली मी. वासराले नाही."

आत खाट करकरली. मग त्यांचा आवाज आला, अगदी दाराजवळून. "माहीत हाये. मी हात नाही लावला."

"ते घट्ट होतीन. मले ओतायचे हायेत. तुमी तुमच्या खोलीत झोपा."

ते म्हणाले, "त्या खोलीत का हाये आता? लुगडे वाटून टाकले. गादी धुतली. पेटी पोरीनं नेली. इथं तरी तिचा वास हाये."

वास होताच. रंगाचा, आणि रंगात डोळ्यांसारखे गोल ठिपके उठावे म्हणून आपण थेंबभर खोबरेल घालायचो त्याचा. तुझ्या केसांचा वास तोच. मी परत फिरली. मनात म्हटलं, जाऊ दे, घ्या तुम्ही खोली, माझ्यापेक्षा तुमची बायको जास्त. खरंच फिरली होती मी, तेवढ्यात कडी निघाली.

दारात उभे होते. दाढी वाढलेली. माझ्याकडे न पाहता, खाली सारवणाकडं पाहून त्यांनी विचारलं, "तुमी दोघी आत का करत होत्या? चार चार दिवस रंग सुकत नव्हता म्हणजे?"

मी खोटं बोलू शकत होती. तू असती तर बोलली असती, हसत हसत. मला ते जमलं नाही.

"एका दिवसात सुकते," मी म्हणाली.

"मंग?"

"झोपत होतो."

"झोपत?"

"हो. दुपारचं बाईले आडवं व्हायले या घरात दुसरी जागा नव्हती. पलंग होते. जागा नव्हती."

त्यांनी वळून आत, खताच्या पिशव्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मले सांगितलं असतं तं... मी का उठवलं असतं तिले?"

आणि बाई, माझ्या तोंडून निघालं, तुझ्यासारखंच निघालं फाडकन, "उठवलं नसतं तुमी. चहा मागितला असता."

मला वाटलं, आता धरणी दुभंगते. भासऱ्याला असं बोलली! पदराच्या आडून मला फक्त त्यांचे हात दिसत होते, आणि ते दाराच्या चौकटीवरचा वाळलेला निळा डाग नखानं खरवडत होते. खरवडून थांबले. आत वळले. खाट उभी केली, बाहेर आणली, माझ्यापासून अंतर ठेवून अंगणापलीकडं नेली आणि पडवीत टाकली. उशी विसरली होती. परत येऊन उशी घेतली, नाकाला लावली, तुझीच होती ती, आणि घेऊन गेले. जाताना त्यांनी कोठीचं दार बाहेरून ओढून घेतलं, मी आत शिरली हे पाहून, हळूच, आवाज होऊ न देता.

मी कडी लावली.

तुझं ऐकलं बाई मी. बोलली त्यांच्याशी. उशिरा बोलली, पण बोलली, आणि तू म्हणत होती तसं चावले नाहीत. तेव्हापासून आम्ही बोलतो. "वाढ" म्हणतात, "वाढते" म्हणते. सासूबाई तोंडाला पदर लावून पाहत बसतात. गोंदियाला जाणार होते तर मला विचारलं, रंग आणायचे का, कोणते आणू. मी भिंतीकडं पाहून सांगितलं, पांढरा जास्त लागतो. एवढ्या वर्षांत तू आम्हा दोघांचं किती ओझं वाहिलं ते आता मला रोज कळते, कारण आता ते वाहायला मी आहे, आणि माझं सांगायला कोणी नाही.

तुझे रंग ओतले. निळा घट्ट झाला होता, त्यात पाणी घालून हलवला. केशरी तसाच होता, जसा तू ठेवला. थाळीत पाणी घेऊन पाटी सारखी केली, गिलास उपडा केला, उचलला. पसरला बाई, काय पसरला! हलवायची की नाही यावर भांडायला कोणी नव्हतं, म्हणून हात मांडीवर ठेवून पाहत बसली. तो आपला जात होता जिकडं जायचं तिकडं.

मग पिशवीवर पाय पसरून आडवी झाली. वाटलं होतं, पडल्या पडल्या झोप लागेल, इतक्या दिवसांची थकली आहे. नाही लागली. शेजारी कोणी घोरत नव्हतं. सासूबाईंच्या चालण्याची नक्कल कोणाला करून दाखवू? सोललेली साय हातात घेतली आणि ठेवून दिली. तुझी जागा रिकामी, तिथं खताच्या पिशवीवर तुझ्या टाचेचा खळगा अजून आहे.

आता रोज दुपारी मी येते. पडवीत ते खाटेवर बसून असतात, आणि कोणी इकडं यायला लागलं तर खाकरतात. कोणी येत नाही. आवाज देत नाही, चहा मागत नाही. बाहेर पाखरू हललं तरी मला ऐकू येते. इथंच बसून हे लिहून राहिली आहे, कडी लावून, घामानं भिजून. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं, बाई, आणि मी आत बसून वाट पाहून राहिली, की कोणीतरी येऊन हे दार धाडकन उघडावं.